मालकांनाही ‘कोण?’ विचारणारा

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे, आणि आलेल्या माणसाला मुकाट्याने आत न सोडणं हे माझं काम आहे. माझी पाठ तापते. माझा पंखा दम्याच्या रुग्णासारखा घरघरतो. त्याच्या जाळीत पिल्लांची पिवळी लव सारखी अडकते आणि मला शिंका येतात की काय असं वाटतं.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथल्या एका बाईंनी माझ्या पोटातला शेवटचा स्क्रू पिळला, बोटाने टकटक करून पाहिलं आणि मला पुठ्ठ्याच्या खोक्यात निजवलं. डोळे उघडले ते या उबवणी केंद्रात. इथे कपाटाएवढ्या यंत्रांमध्ये अंडी ठेवतात. यंत्रं त्यांना आईसारखी ऊब देतात, पंखे हवा खेळती ठेवतात, आणि तीन आठवड्यांनी टरफलं फोडून पिल्लं बाहेर येतात. मी ऑफिसच्या खोलीत बसून बिलं छापायचो. मालक पाहुण्यांना सांगायचे, “हा आमचा कारकून. चहा मागत नाही, सुट्टी मागत नाही, आणि उलट तर मुळीच बोलत नाही!” मी फुशारून जायचो.

पण नव्याचे नऊ दिवस. दुसरा चकचकीत संगणक आला आणि मी टेबलाखाली गेलो. माझ्या डोक्यावर रिकामे ट्रे चढले. कुणीतरी पाय ठेवायलाही मी बरा, असं ठरवलं. मित्रांनो, कामाचा थकवा परवडतो, पण पायाखालची विश्रांती परवडत नाही.

तेव्हा केंद्रातली यंत्रं दुरूनही चालवता यायची. मालक बाहेरगावाहून तापमान बघत, यंत्राच्या कंपनीचा माणूस आपल्या घरून बिघाड शोधे. त्यासाठी बाहेरच्या जगाकडे एक दार ठेवलेलं होतं आणि त्याला एकच पासवर्ड. तो भिंतीवर चिकटवलेला. एकदा दारातून आत आलं की मग कुणी विचारत नसे, बाबा रे, तू कुठे चाललास? बिलांची खोली, कॅमेऱ्यांची खोली, सगळी यंत्रं, सारं रान मोकळं.

एका दुपारी त्या दारातून कोणीतरी आलं. कंपनीतून निघून गेलेल्या माणसाच्या नावाने आलं म्हणून कुणाला संशय आला नाही. त्याने दोन नंबरच्या यंत्राचे पंखे बंद केले आणि ‘पैसे पाठवा, मग चालू करतो’ असा निरोप ठेवला. निरोप वाचून यंत्रं सांभाळणारा मिस्त्री धावत सुटला. यंत्राचं दार उघडलं तेव्हा आतली हवा कोंदलेली होती. टरफलांना बारीक भोकं पडलेली होती, काहींतून चोचीची टोकं बाहेर आली होती, पण एकही हलत नव्हतं.

मालकांच्या सूनबाई तेव्हा गरोदर होत्या, दिवस भरत आले होते. संगणकाचं काम त्याच बघत. त्या ट्रेसमोर खाली बसल्या आणि कितीतरी वेळ उठल्याच नाहीत. सासूबाई म्हणाल्या, “अगं, अशा दिवसांत असं बघू नये.” त्या म्हणाल्या, “आई, मीच नाही बघितलं म्हणून तर हे झालं.”

लेक जन्मली, छकुली. ती जरा बसू लागली तशा सूनबाई तिला घेऊन परत ऑफिसात येऊ लागल्या. आणि एक दिवस त्यांनी मला टेबलाखालून ओढून काढलं. ओल्या फडक्याने पुसलं, पोटातली धूळ फुंकली. “बाबा, नवीन घेण्यापेक्षा हाच बरा आहे,” असं त्या सासऱ्यांना म्हणाल्या. किती दिवसांनी माझ्याबद्दल कुणीतरी ‘बरा’ म्हणत होतं!

मला दिलेलं नवं काम ऐका. रस्त्याकडचं जुनं दार सूनबाईंनी कायमचं बुजवलं. बाहेरून आत येण्यासाठी आता भिंतीत साधं भोकही नाही. उलट मीच आतून दूरच्या एका पहारेकऱ्याशी, म्हणजे इंटरनेटवरच्या दुसऱ्या एका संगणकाशी, धागा जोडून बसतो. कुणाला आतलं काही हवं असेल तर त्याने आधी त्या पहारेकऱ्याकडे जायचं. पहारेकरी विचारतो: तू कोण? हातातलं यंत्र तुझंच आणि ओळखीचं आहे का? तुला नेमकं काय हवंय? तिन्ही उत्तरं पटली तरच तो मला सांगतो, आणि मी तेवढ्याच एका खोलीपर्यंत वाट करून देतो. शेजारची खोली त्याला दिसतही नाही. काल आला होता म्हणून आज सूट नाही. पुन्हा आला की पुन्हा प्रश्न.

या पद्धतीला त्या कामातले लोक ‘झिरो ट्रस्ट’ म्हणतात. मालकांनी नाव ऐकलं आणि त्यांच्या भुवया चढल्या.

“झिरो ट्रस्ट? म्हणजे विश्वास शून्य? वा! सून घरात आली आणि विश्वास घराबाहेर गेला!”

“बाबा, विश्वास नाही असं नाही. विचारल्याशिवाय नाही, एवढंच.”

“मला विचारणार? ज्याने या जागेतले दगड वेचले त्याला हा टेबलाखालचा डबा विचारणार, तू कोण?”

डबा म्हटल्याचं मला लागलं, पण मी घरघरत राहिलो.

सूनबाईंनी मालकांच्या फोनची ओळख पहारेकऱ्याला करून दिली. मात्र परवानगी दिली ती फक्त तापमान बघण्याची. पंखे, हवेच्या झडपा यांना हात लावण्याची नाही. वर स्वतःसाठीच एक नियम केला: परवानगी निरोपावर वाढवायची नाही. माणूस समोर दिसला पाहिजे, बोलला पाहिजे. मालक रुसले. फोनवर निरोपांतून भांडू लागले. ‘मी मालक आहे. इथले दगड मी वेचले. मला सगळं हवं.’ सूनबाई उत्तर देत, ‘बाबा, तुम्ही आलात की बोलू.’ घरात जेवताना दोघं मिठापुरतं बोलत.

आणि मग तो दिवस आला. मालक सकाळीच दुसऱ्या गावी एक यंत्र बघायला गेले होते. चार नंबरच्या यंत्रात पिल्लं टरफलं फोडायला लागली होती. हा काळ फार नाजूक असतो. पंखे थोडा वेळ जरी थांबले तरी आतल्या आत जीव गुदमरतात. सूनबाई माझ्यासमोर बसल्या होत्या, छकुली मांडीवर होती, आणि सासूबाई तिला न्यायला आल्या होत्या.

फोन वाजला. मालकांचा निरोप. ‘मीटिंगमध्ये आहे, बोलता येणार नाही. चार नंबरचं तापमान वाढतंय. मला सगळ्या यंत्रांची परवानगी दे. लगेच.’

सूनबाईंनी स्क्रीन पाहिली. खरंच वाढलं होतं. पिल्लं धडपडू लागली की त्यांच्या अंगाचीच ऊब वाढते. त्यांनी झडप थोडी उघडली, आकडा खाली आला. ‘बाबा, झडप उघडली. काळजी नसावी.’

‘मी मागितलं ते दे.’

त्यांनी फोन लावला. पलीकडून कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. तेवढ्यात त्यांच्या स्क्रीनवर पहारेकऱ्याच्या लाल ओळी उमटायला लागल्या. मालकांच्या नावाने, मालकांच्याच फोनवरून कोणीतरी चार नंबरचे पंखे मागत होतं. परवानगी नाही. तीन नंबरचे पंखे. परवानगी नाही. बिलांची खोली. परवानगी नाही. पुन्हा चार नंबर. पुन्हा. पुन्हा.

“बाबाच रागाने बटणं दाबतायत,” सूनबाई पुटपुटल्या.

“दाबणारच! स्वभाव ठाऊक नाही का तुला?” सासूबाई म्हणाल्या. “दे बाई एकदाचं. घरी आले की घर डोक्यावर घेतील.”

“नियम आहे, आई.”

“नियम तूच केलास ना? मग तूच मोड. देवाने केलेला असता तर गोष्ट वेगळी.”

पुढचा निरोप आला. ‘ज्याने दगड वेचले त्याला तू शिकवतेस? दहा मिनिटांत दिलं नाहीस तर उद्यापासून केंद्रात पाऊल ठेवू नकोस.’

मित्रांनो, शब्द अगदी मालकांचेच होते. तोच ताठा, तेच दगड. मलाही वाटलं, हे मालकच. सूनबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी परवानगीचं पान उघडलं. एका बटणाचं काम होतं. बोट बटणावर गेलं. छकुलीने त्यांची बांगडी धरून ओढली, त्यांनी बोट उचललं, पुन्हा ठेवलं. माझा पंखा इतका जोरात फिरत होता की सासूबाई म्हणाल्या, “याला काय झालंय आज?”

मला बोलता येत असतं तर मी काय बोललो असतो? मला तरी कुठे खरं ठाऊक होतं? मी फक्त धागा धरून बसलो होतो.

“आई,” सूनबाई हळू आवाजात म्हणाल्या, “हे बाबाच असतील. तरी मी देणार नाही. आणि बाबाच असले तर ते चिडून पंख्यांना हात लावतायत, म्हणजे आता त्यांची बघायची परवानगीसुद्धा काढायला हवी.”

“सासऱ्याला त्याच्याच घराबाहेर काढणार?”

“ते आले की आत घेईन. पिल्लं गेली तर त्यांना कसं आणू?”

सासूबाईंनी छकुलीला कडेवर घेतलं. सूनबाईंनी परवानगी काढायचं बटण दाबलं. लाल ओळी थांबल्या. फोनवर निरोप येत राहिले, एकापेक्षा एक विखारी. त्यांनी फोन उपडा ठेवला आणि चार नंबरकडे निघून गेल्या. जाताना पदराने डोळे पुसले, ते मी पाहिलं.

संध्याकाळी मालक आले. शर्ट चुरगळलेला, चेहरा उन्हाने काळवंडलेला. सूनबाई उभ्या राहिल्या. कुणी काही विचारायच्या आतच म्हणाल्या, “बाबा, मी तुमची परवानगी काढून टाकली. रागवा, पण आधी ऐका.”

“कसली परवानगी? इथे माझा फोन गेला आणि तू परवानगी घेऊन बसलीस!”

“फोन गेला?”

“सकाळीच. बसथांब्यावर उभा होतो, चार नंबरचं तापमान बघत. गाडीवरून दोघं आले आणि हातातून हिसकावून नेला. पोलिसांकडे बसून दुपार झाली. म्हटलं तुला कळवावं, तर तुझा नंबर कुणाला पाठ आहे? हल्ली मला माझाही पाठ नाही.”

सूनबाईंनी फोन त्यांच्यापुढे धरला. मालक निरोप वाचू लागले. त्यांचेच जुने निरोप वाचून चोराने त्यांचाच आवाज उचलला होता. वाचता वाचता ते रिकाम्या क्रेटवर बसले.

“हा तर हुबेहूब मी बोलतोय,” ते म्हणाले.

“म्हणून तर मीही तिला दे म्हणत होते,” सासूबाई म्हणाल्या. “मला तर तुम्हीच वाटलात. उलट आज जरा सौम्य वाटलात.”

कुणीच हसलं नाही. मग मालकच हसले, आणि मध्येच थांबले.

“आणि खरंच मी असतो तर?”

“तरी नाहीच म्हटलं असतं, बाबा.”

मालक उठले आणि चार नंबरकडे गेले. मिस्त्री ट्रे बाहेर काढत होता. चिवचिवाट इथपर्यंत ऐकू येत होता. ते परत आले तेव्हा त्यांच्या बाहीला लव लागली होती. माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि सुनेला म्हणाले, “उद्या नवा फोन आणतो. त्याची ओळख करून दे. मला सगळी यंत्रं नकोत. तापमान दिसलं म्हणजे झालं. हात लावायचा असला की तुला फोन करीन. आणि तुझा नंबर कागदावर लिहून दे, पाठ करतो.”

मित्रांनो, मी अजून त्याच टेबलावर आहे. सूनबाई दर आठवड्याला माझी जाळी पुसतात, माझ्या पोटातल्या जुन्या आज्ञा बदलून नव्या भरतात. हे विसरू नका. पहाऱ्यावर बसवलेल्याकडे लक्ष दिलं नाही तर तोही पेंगतो. तुमचा पासवर्ड जिवलग मित्रालाही देऊ नका. घरच्याच माणसाचा निरोप आला आणि त्यात फार घाई असली, तर आधी त्याचा आवाज ऐका. तो रागावेल. रागावू द्या.

मालक मात्र आता रागावत नाहीत. रोज सकाळी गावातून त्यांचा फोन पहारेकऱ्याच्या दाराशी येतो. ‘कोण?’ असा प्रश्न येतो. ते नाव सांगतात, अंगठा लावतात, आणि दार उघडेपर्यंत थांबतात.