धार नसलेलं पातं

दादाला दुपारी तीनला हॉस्पिटलमधून घरी सोडणार होते आणि अकरा वाजले तरी त्याच्या कपाटातली सातवी खुंटी रिकामीच होती. ती रिकामी करणारा शहाणा मीच.

दादा खंजीर जमवतो. अस्सल नव्हेत, नकला. अस्सल घ्यायचे तर घर विकावं लागेल. काचेच्या कपाटात बारा खुंट्या, त्यांवर देशोदेशीचे बारा खंजीर आणि सातव्या खुंटीवर त्याचा सगळ्यात लाडका, काळ्या म्यानातला जपानी. एकालाही धार नाही. आणि मी पडलो धारवाला. वडिलांची धार लावायची चाकाची सहाण माझ्याकडे आली. शिंप्याची कात्री आणा नाहीतर खाटकाचा सुरा, केस कापून दाखवतो. बोथट पातं दिसलं की मला अन्न गोड लागत नाही.

सहाण थोरल्याकडे न जाता धाकट्याकडे का आली, तेही सांगून टाकतो. दादा बारा वर्षांचा होता, मी नऊ. तो सुरी धरून बसला होता आणि मी चाकाचा दांडा फिरवत होतो. "तू फक्त फिरव, बाकी काही करू नकोस," त्याने बजावलं होतं. मला कंटाळा आला. गंमत म्हणून मी दांडा उलटा फिरवला. सुरी उसळली आणि त्याची उजवी करंगळी अर्धी गेली. त्यानंतर तो सहाणेवर कधी बसला नाही. त्याबद्दल मला एक शब्दही बोलला नाही, पण आपल्या एकाही वस्तूला हात लावू दिला नाही. रागावला असता, दोन ठेवून दिल्या असत्या, तर बरं झालं असतं.

म्हणून पित्ताशयाच्या ऑपरेशनला जाताना त्याने कपाटाची किल्ली माझ्या हातावर ठेवली, तेव्हा मला रडूच यायचं बाकी होतं. तेहेतीस वर्षं गेली होती मधे. "रोज एकदा उघड आणि मऊ कापडाने पूस," तो म्हणाला. "फक्त पुसायचं."

चार दिवस मी फक्त पुसलं. पाचव्या दिवशी, म्हणजे तो यायच्या आदल्या दिवशी, हात शिवशिवायला लागले. वाटलं, दादा घरी येईल, लाडक्या खंजिराला धार बघेल, खूश होईल. पित्ताशयाबरोबर जुनी अढीही जाईल. उचलला आणि माझ्या दुकानात नेला. सहाणेला टेकवला मात्र, वरचा चकचकीत मुलामा सालीसारखा सुटला आणि खालचा मऊ धातू दगडाला लोण्यासारखा फासला. पातं पोलादाचं नव्हतंच. वजनावरूनच कळायला हवं होतं, पण मला कौतुकाची घाई झाली होती. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

आता तसाच दुसरा शोधायचा होता. हौशी लोकांना नकली शस्त्रं विकणारं एक दुकान गावात आहे. तिथल्या बाई निवांतपणाचा अर्क. आधी चष्मा पुसला, मग टेबलावर कापड अंथरलं, मग त्याच्या सुरकुत्या काढल्या. मी पाय हलवत उभा. घड्याळाकडे माझी नजर चौथ्यांदा गेली तेव्हा त्या म्हणाल्या, "एवढी घाई असेल तर समोर चमच्यांचं दुकान आहे."

त्यांनी तीन जपानी खंजीर काढले. पहिल्याच्या मुठीवर ड्रॅगन होता. दादा म्हणतो, ड्रॅगन दिसला की समजावं, माल पर्यटकांसाठीचा. दुसऱ्याची मूठ दोरीने गुंडाळल्यासारखी दिसत होती, पण दोरी नव्हतीच, प्लॅस्टिकवर नुसता ठसा होता. दादाने तो चिमट्यानेही उचलला नसता. तिसरा मात्र तंतोतंत. खरी दोरी, पात्यावर लाटेसारखी रेघ, काळं म्यान. म्यानाला तोंडाशी चीर होती, म्हणून तो मला परवडण्यासारखा होता.

"जपून," बाई म्हणाल्या. "हा खऱ्या पोलादाचा आहे. याला धार आहे."

होती. आणि काय होती! नखावर टेकवली तर घसरेना, जागीच रुतली. कोणीतरी जीव लावून काम केलं होतं. मी पैसे दिले आणि रस्त्यावर आल्यावर मला घाम फुटला. दादा रोज संध्याकाळी एकेक खंजीर हातात घेऊन पात्यावरून अंगठा फिरवतो. न बघता, गप्पा मारत.

माझ्या दुकानात पोचायला दीड वाजला. चाक चालू केलं आणि पातं सहाणेवर उभं धरलं. आयुष्यभर धार लावली, त्या दिवशी पहिल्यांदा घालवली. दुसऱ्याच्या अंगणातलं बहरलेलं झाड तोडावं तसं वाटत होतं. टोकापासून मुठीपर्यंत सारखी घालवली, कुठे खडबड राहू दिली नाही. स्वतःच्या गालावर फिरवून पाहिली, मगच उठलो आणि दादाच्या घरी जाऊन खंजीर सातव्या खुंटीवर अडकवला.

दादा सव्वातीनला आला. वहिनीने दंड धरला होता. "अहो, आधी टेका तरी," ती म्हणत होती, पण हा सरळ कपाटाशी. मी किल्ली दिली. त्याने सातव्या खुंटीवरचा खंजीर काढला, अंगठा फिरवला आणि थांबला.

"हा माझा नाही."

पॉलिश केलंय, असं सांगायचं मी वाटेत ठरवलं होतं. तोंडातून निघालं ते वेगळंच. "तुझा मी सहाणेवर धरला, दादा. वाटोळं केलं." पिशवीतून जुना काढून त्याच्यापुढे ठेवला. वहिनीने कपाळाला हात लावला.

दादाने त्या सोललेल्या पात्याकडे पाहिलं. मग नव्यावरून अंगठा पुन्हा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश.

"याला धार होती. कोणी घालवली?"

"मी."

"तू?"

मी मान हलवली. त्याने नवा सातव्या खुंटीवर अडकवला, जुना खालच्या फळीवर ठेवला, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. संपलं, मला वाटलं. मी दाराशी जाऊन चपला शोधू लागलो. एक सापडली, दुसरी सापडेना.

"टाके निघेपर्यंत मला वाकता येणार नाही," मागून दादाचा आवाज आला. "उद्या सकाळी ये."

वळून पाहिलं तर तो किल्ली पुढे करून उभा होता. मी ती धरली, पण त्याने लगेच सोडली नाही.

"तेव्हा म्हटलं होतं, फक्त फिरव," दादा म्हणाला. "आता म्हणतो, फक्त पूस."