डेल्फोरची प्रजाती

डेल्फोर किपिल्दोरने ओपॉसमची नवी प्रजाती जाहीर केली, त्या दिवशी तुकुमानच्या आमच्या संग्रहालयात एम्पानादा, म्हणजे खिमा भरलेल्या करंज्या वाटल्या. नेलिदाने एकीलाही हात लावला नाही.

दोघं कॉलेजात एकाच वर्गात शिकलेली. शेपटीत चरबी साठवणाऱ्या, मुठीत मावणाऱ्या या प्राण्यांपायी नेलिदाने अर्धं आयुष्य घालवलेलं. आजवर सगळे त्यांना एकच प्रजाती समजत होते. डेल्फोरने उत्तरेच्या दऱ्यांमधले नमुने तपासले आणि म्हणाला, ही वेगळी. दक्षिणेकडच्यांच्या पोटावरचे केस मुळापर्यंत पांढरे, उत्तरेकडच्यांचे मुळाशी करडे.

"केस करडे झाले म्हणून प्रजाती बदलते?" नेलिदा मला म्हणाली. "मग मिर्ता, तू आणि मीही आता नव्याच प्रजातीतल्या!"

मी हसले. ती हसली नाही. तेच नमुने तिच्याही हातून कितीदा गेले होते, आणि पोटाकडे तिने कधी नीट पाहिलं नव्हतं.

दोन्ही मुलुखांच्या मधल्या डोंगरात कोणीच सापळे लावले नव्हते. तिथे मधल्याच रंगाचे प्राणी सापडले, तर सगळे एकच ठरणार आणि डेल्फोरची प्रजाती निकालात निघणार. थंडी सुरू होताच ती मला घेऊन निघाली. एका ओढ्याकाठी आम्ही शेंगदाण्याचं आमिष ठेवून सापळे मांडले.

आधी नुसते उंदीर. मग एका सकाळी दोन ओपॉसम, शेजारशेजारच्या सापळ्यांत. नेलिदाने पहिल्याच्या पोटावर फुंकर मारली. केस मुळापर्यंत पांढरे. दुसऱ्याच्या पोटावर मारली. मुळाशी स्वच्छ करडे. पुढेही तेच, मधला रंग एकाचाही नाही. एकाच ओढ्यावर राहून त्यांची सरमिसळ झाली नव्हती. त्या दोन प्रजाती आहेत याला आणखी कसला पुरावा हवा?

नेलिदा दगडावर बसली. "सोडून देऊ या. कोणाला कळतंय?"

"सोड," मी म्हटलं. "पुढच्या वर्षी डेल्फोर येईलच इथे."

मी चिमटा काढावा तशी तिने मान वळवली. "तो? माझ्या ओढ्यावर?"

आणि तिने ओपॉसम ठेवलेल्या कापडी पिशवीचं तोंड घट्ट बांधलं.

तिचा लेख छापून आला तेव्हा डेल्फोर हातातल्या 'माते' या कडवट चहाच्या पेल्यासकट धावत आमच्या खोलीत आला. "नेली, वाचवलीस गं माझी प्रजाती!"

"तुझी? तिने तुझं तोंड तरी पाहिलंय का?"

तो खो खो हसला, तिला मिठी मारली. ती खांबासारखी उभी राहिली.

त्या ओढ्याला आता संग्रहालयात शिकायला येणारी मुलं नेलिदाचा ओढा म्हणतात. पण प्रजातीच्या नावामागे ती पहिल्यांदा जाहीर करणाऱ्याचं आडनाव लिहायचं, हा नियम. तिच्या लेखातही जागोजागी किपिल्दोर. छापील प्रत तिने मला दिली ती पालथी धरूनच.

यंदा ती पश्चिमेच्या डोंगरात एकटीच गेलीय. निघताना मला दोनदा विचारून घेतलं, "तिथे त्याने काम केलेलं नाही ना?"