गोल आखायची चकती

मी चौथीपर्यंत शिकले, पण शिवण बघून माणूस ओळखते. दुरुस्तीवाला आला तेव्हाच त्याच्या बाहीचं तुटलेलं बटण दिसलं. म्हटलं, हा आमचं काय जोडणार.

आमच्या शिवणघरात भरतकामाचं मशीन आहे. त्याला नक्षी कॉम्प्युटर पुरवतो. सुनेनं तीन वर्षं एकेक पान, एकेक पाकळी त्यात काढून ठेवली होती. सोमवारी तो सुरूच होईना.

"नक्षी तशीच ठेवून सिस्टिम पुन्हा टाकतो," दुरुस्तीवाला म्हणाला. "डिस्क आहे ना?"

सुनेनं ड्रॉवरमधून डिस्क दिली. ती आत जाऊन घरघरली, आकडे चढत बासष्टवर गेले आणि अडकले. फाईल वाचता येत नाही म्हणे. त्यानं पुन्हा लावली. बासष्ट. वायर बदलली. बासष्ट.

"मावशी, पाणी मिळेल का?"

"मिळेल. आमचं पाणी अर्ध्यावर अडकत नाही."

तो हसला नाही. "आतला भागच खराब दिसतोय. सगळं पुसून नव्यानं टाकून बघू. नक्षी मात्र जाईल. नक्कल ठेवलीय कुठे?"

सुनेनं मानेनंच नाही म्हटलं. पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पुसा. काम तर चालू व्हायला हवं."

माझ्या हातात पेला तसाच राहिला.

ती डिस्क मी वर्षभर वापरत होते. पिशवीचा गोल तळ आखायला तिच्यासारखं माप नाही. कापडावर ठेवायची, कडेनं खडू फिरवायचा, कधी दातेरी चाक. सुनेनं एकदा विचारलंही होतं, "आई, डिस्क कुणी घेतली होती का?" मी म्हटलं, "तुमच्या वस्तूंना मी कशाला हात लावू? तुम्हीच विसरभोळ्या." झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझ्या मुठीत खडू होता.

ती तीन वर्षांचं काम सोडायला तयार झाली, आणि मला एक वाक्य जड जात होतं.

"थांबा," मी म्हटलं. "डिस्क काढून उजेडात धरा."

त्यानं धरली. ओरखडेच ओरखडे, भोकाभोवती निळा खडू.

"मावशी, यावर काय कापलंत?"

"कापलं नाही, आखलं. ओरखडे माझे आहेत. सूनबाई, तेव्हा मी खोटं बोलले."

सुनेनं मऊ कापड पुढे केलं. दुरुस्तीवाल्यानं मधून कडेकडे, सरळ पुसली. या वेळी आकडा एक्काहत्तरवर गेला आणि थांबला. मग तो दुकानातून तसलीच दुसरी डिस्क घेऊन आला. ती चालायला आमच्या जुन्या डिस्कच्या कव्हरावरचा नंबर हवा होता.

"कव्हर कुठाय?" सुनेनं विचारलं, माझ्याचकडे बघून.

कव्हरात माझ्या सुया होत्या. मी मुकाट्यानं रिकामं करून दिलं.

संध्याकाळी पडद्यावर पहिली पाकळी उमटली. सुनेनं सगळी नक्षी मोजली, मग दोन ठिकाणी नक्कल ठेवली. माझ्याशी दिवसभर कामापुरतंच बोलली. ते तिचं बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी माझ्या खडूच्या डब्यात जाड पुठ्ठ्याची चकती होती. नेमकी त्या मापाची, मधलं भोकसुद्धा. वर तिनं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, मला वाचता यावं म्हणून: आईंची डिस्क.