आंधळं बेणं

हिवाळ्यात सकाळचं धुकं भीमाशंकरच्या डोंगरांकडे सरकायला लागलं, की आमच्या अंगणात पहिलं ऊन पडायचं ते डेलियांच्या वाफ्यावर, आणि त्या उन्हाच्या मागोमाग हौसाआक्का यायच्या. हात शेणामातीचे असले तर पदराला पुसायच्या, कमरेत वाकायच्या, फुलाच्या खाली दोन बोटं घालायच्या आणि ते जड, ओलं फूल अलगद वर करायच्या. डेलियाचं फूल स्वतःच्याच वजनाने खाली बघत असतं. रुसलेल्या लेकराची हनुवटी धरून 'काय झालं गं?' म्हणावं, तसा तो हात असायचा. रंग पिकल्या करवंदाच्या रसाचा, कडेला काळसर होत गेलेला. क्षणभर त्याच्याकडे बघून त्या फूल सोडून द्यायच्या आणि गोठ्याकडे वळायच्या. तोडायच्या मात्र कधीच नाहीत.

हौसाआक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. मी जुन्नरच्या पेठेत वाढलेली, पुढे घोडेगावच्या शाळेत शिक्षिका झालेली. लग्न होऊन शिनोलीजवळच्या या वस्तीवर आले तेव्हा शेतीविषयी माझं ज्ञान पाठ्यपुस्तकाबाहेरचं नव्हतं. पहिल्याच वर्षी त्यांनी मला बटाट्याच्या ढिगाशी बसवलं, हातात विळा दिला आणि बेणं कापायला शिकवलं. लागवडीसाठी बटाट्याच्या फोडी करायच्या आणि प्रत्येक फोडीवर एक तरी डोळा, म्हणजे कोंब फुटायची ती बारीकशी खोबण, राहिलीच पाहिजे. "डोळा बगून काप गं," त्या म्हणायच्या. "डोळा न्हाई तर बेणं आंधळं. मातीत नुसतं कुजतं." मी चार-पाच फोडी बिनडोळ्याच्या केल्या होत्या, त्या त्यांनी उचलून गुरांच्या पाटीत टाकल्या.

डेलिया त्यांच्याकडे आला तोही माझ्यामुळेच. माझ्या माहेरच्या गल्लीत बशीरभाई शिंपी आहेत. एकदा आक्का झंपर शिवायला माझ्याबरोबर आल्या आणि दुकानामागच्या अंगणातल्या त्या फुलांपाशी अशा खिळल्या, की माप द्यायचं राहून गेलं. बशीरभाईंनी हसून मूठभर कंद कापडाच्या चिंधीत बांधून दिले. ते गाठोडं त्यांनी येष्टीत सबंध वाट मांडीवर धरलं होतं. मला हसू येत होतं. पुढची कितीतरी वर्षं मला त्या वाफ्याचं हसूच येत राहिलं, कधी कधी रागही. उन्हाळ्यात घरात जागेची ओढाताण, आणि आक्कांचे कंद कोरड्या वाळूत जपून ठेवलेले, पावसाळा सरला की पुन्हा बाहेर काढलेले. एकदा मी म्हणालेही, "आक्का, वास नाही, देवाला वाहत नाही, केसात माळत नाही. मग हा खटाटोप कशाला?" त्या चुलीपुढून न वळता म्हणाल्या, "दिसतंय ना? लई झालं तेवढं."

सकाळी मी शाळेला निघायचे तेव्हा माझा डबा भरलेला असायचा. संध्याकाळी परतायचे तेव्हा माझ्या मुलीची वेणी घातलेली असायची. ह्या दोन्ही गोष्टी आपोआप होतात, अशी माझी समजूत होती. त्या बाईकडे आम्ही कुणी नीट बघितलंच नाही. ती होती, जसा उंबरा असतो.

गेल्या हिवाळ्यात त्यांना पोटातलं दुखणं लागलं. पुण्याहून घरी आणलं तेव्हा पुढे काही करण्यासारखं उरलं नव्हतं. वाफा दिसावा म्हणून त्यांची बाज पडवीत टाकली. फुलं भरात होती आणि त्या दिवसेंदिवस वाळत होत्या. एका दुपारी त्यांनी मला जवळ बोलावलं. "पाला वाळला का काढ कंद. वाळूत ठेव. पर पुढं येगळं करताना..." गोधडीतून हात बाहेर काढून अंगठा आणि बोट जुळवून त्या हवेत काहीतरी दाखवू लागल्या. मला वह्या तपासायच्या होत्या. "अहो आक्का," मी म्हणाले, "बटाट्याच्या घरात तीस वर्षं काढली मी. मला कळतं." त्यांनी माझ्याकडे बघितलं, थोडं हसल्या आणि हात पुन्हा गोधडीत घेतला. आयुष्यभर मुलांना 'नीट लक्ष द्या' म्हणत आलेली मी, एवढ्या एका धड्याला उठून गेले.

शिमग्याच्या आधी त्या गेल्या. पाला वाळल्यावर मी कंद काढले, अगदी हळुवार, माती बोटांनी उकरत. रताळ्यांसारखा मोठा घड निघाला. पाटीभर वाळूत ठेवला, उन्हाळा-पावसाळा सांभाळला. नवरात्राच्या सुमारास आमच्या खळ्यात बटाट्याचं बेणं कापायला बायका बसल्या, तेव्हा मीही तो घड घेऊन त्यांच्यात बसले. आक्कांचाच विळा होता. त्यांनी शिकवलं होतं तशा, बेताच्या, नेटक्या फोडी केल्या. खोबण कुठे दिसेना, पण कंद जुना आहे, पुढे दिसेल, असं वाटलं. वरचं ते वाळकं, दांड्याचं टोक छाटून फेकलं. राख लावली आणि वाफ्यात ओळीने पुरलं. त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं. आक्कांचं काहीतरी माझ्या हातून होत होतं.

माझे थोरले दीर, आक्कांचे यजमान, माझ्याशी थेट बोलत नाहीत. जे काही बोलायचं ते अंगणाला उद्देशून. ते रोज सकाळी दात घासता घासता वाफ्यापाशी यायचे आणि मातीला विचारायचे, "उगावलं का काय?" मी आतून म्हणायचे, "येईल." आठ दिवस गेले, पंधरा गेले. शेजारच्या रानात बटाट्याचे हिरवे शेंडे वर आले. आमचा वाफा तसाच काळा. शेवटी भाऊजी रानात गेलेले बघून मी एक फोड उकरली. हाताला नुसता लिबलिबीत चिखल आला. दुसरी उकरली, तिसरी उकरली. सगळ्याच तशा. कडेच्या एकीला तेवढा, वर जरासा दांडा चुकून राहिला होता, आणि त्या दांड्याच्या बुडाशी तांदळाएवढा जांभळट कोंब होता.

तशीच उठून जुन्नरला गेले. बशीरभाई आता थकलेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सुई कापडात टोचून ठेवली. "बाई, बटाट्याला अंगभर डोळे असत्यात. याचा डोळा फकस्त मानेला, दांडा जिथं कंदाला मिळतो तिथं. मान कापली, मंग कंद केवढा का असंना, आंधळाच." आणि त्यांनी अंगठा आणि बोट जुळवून मान कशी धरायची ते दाखवलं. तोच हात. आक्का त्या दुपारी हेच दाखवत होत्या. मी त्यांच्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, रडले. त्यांच्याकडे एखादा कंद असेल या आशेवर मी गेले होते. पण अंगणाला फरशी घातल्यापासून त्यांच्याकडे डेलिया उरलाच नव्हता. जगात आक्कांच्या फुलाचा म्हणून तो तांदळाएवढा कोंब तेवढा होता.

त्या संध्याकाळी भाऊजींना सांगितलं. खांबाकडे बघत सांगितलं, की मीच कापले, माना छाटून कापले. ते उठून पायरीवर जाऊन बसले. मग अंगणाला म्हणाले, "तिनंच शिकीवलं व्हतं कापायला. तुमची काय चूक?" त्यांनी रागावायला हवं होतं. ते मला सोसलं असतं.

बशीरभाईंनी सांगितल्याप्रमाणे कोंब चार बोटं वाढू दिला. मग खाली पानांची एक जोडी राखून वरचा शेंडा पेराखाली कापला आणि ओल्या वाळूत, सावलीत लावला. कापायच्या आधी विळा खाली ठेवून पाणी प्यायले. राखलेल्या जोडीच्या बगलेतून आणखी दोन फुटवे आले, तेही असेच लावले. एक सुकला. दोन जगले. मुळं धरलीत का ते बघायला उपटायचा मोह रोज व्हायचा. रोज हात मागे घेतला. निवृत्तीच्या उंबरठ्यावर मी पहिल्यांदा काहीतरी शिकत होते, आणि शिकवणारी नव्हती.

वर्षश्राद्धाच्या चार दिवस आधी पहिली कळी उमलली. फूल आक्कांच्या फुलाहून लहान होतं, रंग मात्र तोच. धुकं सरत होतं. मी पडवीत उभी होते. पुढे जायचं धैर्य होत नव्हतं. तेवढ्यात भाऊजी आले. वाफ्यापाशी थांबले. हातातली दातवणाची काडी खाली टाकली, हात धोतराला पुसले, गुडघा धरून कसेबसे वाकले, फुलाच्या खाली दोन बोटं घातली आणि ते अलगद वर केलं. क्षणभर बघितलं. मग सोडून दिलं, आणि गोठ्याकडे वळले.

आक्का होत्या तोवर हा माणूस कधी त्या वाफ्याकडे फिरकल्याचंही मला आठवत नाही. आक्का फुलाकडे बघत होत्या ती सगळी वर्षं कुणीतरी आक्कांकडे बघत होतं, आणि हे त्यांना कधी कळलं होतं की नाही, ते आता विचारायचं तरी कुणाला.