उष्ट्यावर जगणारी टाकी

मित्रांनो, मी एक जुनी टाकी आहे की जुनं पोट, हे मला अजून कळलेलं नाही. मी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरामागे उभी असते. मुलांच्या ताटातलं उष्टं, भाज्यांची सालं, शिळा भात, सगळं माझ्या तोंडात पडतं. माझ्या पोटात डोळ्यांना न दिसणारे इवले जीव राहतात. ते त्याचा गॅस करतात. मग माझं झाकण वर उचललं जातं आणि नळीतून गॅस आत शेगडीला जातो. मुलं जेवताहेत तोवर उष्टं संपत नाही, आणि उष्टं आहे तोवर माझा जाळही संपत नाही. मग मी कचऱ्याचा डबा की चूल? बघा बुवा, तुम्हीच ठरवा!

स्वयंपाकीणमावशी मात्र माझं फार कौतुक करायची. "ही आहे म्हणून माझं सिलिंडरवाचून अडत नाही," असं येईल त्याला सांगायची.

मग झाडलोटीला नव्या काकू आल्या. भारी टापटिपीच्या! मला बघताच त्यांनी नाक मुरडलं. "शी! स्वयंपाकघराला लागून ही घाण?" त्या रोज माझं तोंड फिनेलने घासून धुऊ लागल्या. मला वाटलं, चला, आपलेही लाड सुरू झाले! पण माझं झाकण खाली बसत गेलं. शेगडी मिणमिणली आणि एके सकाळी विझली. अहो, मी तर कधी नव्हे इतकी स्वच्छ होते! मग हे झालं तरी काय?

अधीक्षक म्हणाले, "म्हातारी झाली ती. भंगारात द्या."

मावशी मला शेवटचं बघायला आली, वाकली आणि फिनेलच्या वासाने थबकली.

"काकू, इथं फिनेल कोणी ओतलं?"

"मीच की! रोज चांगलं भरपूर ओतते."

"अहो, तिच्या पोटातले जीव मेले ना त्याने!"

काकूंचा चेहराच पडला. "मला काय ठाऊक? मी आपली चांगलंच करायला गेले."

खरंच होतं ते. मला त्यांचा राग येईना आणि रडू आवरेना.

मावशीने अधीक्षकांकडून थोडी मुदत मागून घेतली. माझ्यातलं फिनेलचं पाणी उपसलं. काकू रोज तसल्याच इवल्या जिवांनी भरलेलं ताजं शेण कालवून माझ्या तोंडात ओतू लागल्या, तेही नाक न मुरडता. फिनेलने आजारी पडले आणि शेणाने बरी झाले, मित्रांनो! डोकं चक्रावतं की नाही?

एके सकाळी झाकण हललं. मावशीने काडी ओढली आणि निळी ज्योत फुलली. पहिला चहा काकूंनी केला.

मी स्वच्छ की घाण, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. माझी विनंती एवढीच, की ताटात उरलेलं मला द्या, पण कितीही माया आली तरी मला धुऊ नका. काकू आता माझ्याजवळून जाताना फिनेलची बाटली पाठीमागे लपवतात.