कैनातला भरवायची खुर्ची

मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. जामखेडच्या मुजफ्फर सुताराने दारांच्या चौकटींतून उरलेल्या कडुलिंबाच्या लाकडातून मला घडवले, आपल्या चार वर्षांच्या कैनातसाठी. तिला मान सावरता येत नसे. तिची अम्मी रजिया तिला मांडीवर आडवी घेऊन भरवी. घास श्वासनळीत जाई, पोर निळी पडे. महिन्या-दीड महिन्याला दवाखाना ठरलेलाच.

मग अशा मुलांना व्यायाम शिकवणाऱ्या सविताताईंनी माझे माप काढून दिले. "भाभी, तिला ताठ बसवा. हनुवटी जराशी खाली. चमचा लहान, घास घट्टसर. पहिला गिळल्याबिगर दुसरा न्हाई."

मित्रांनो, पहिल्या दिवशी अर्धी वाटी खिचडी संपायला पाऊण तास लागला. पण एकदाही ठसका लागला नाही. रजिया माझ्या पायाशी बसून रडली. पुढच्या दोन वर्षांत कैनातचे गाल भरले. खिचडीचा वास आला की ती माझ्या पुढच्या फळीवर हात आपटी.

एकदा श्रीगोंद्याला लग्न निघाले. जीपमध्ये मला जागा नव्हती. "दोनच दिवस तर," रजिया म्हणाली.

ती परतली, पण कैनात परतली नाही. सविताताई भेटायला आल्या तेव्हा मला सारे कळले.

"मी नवरीकडं गेल्ते. ह्यांच्या बहिणीनं, फरहीन फुफीनं, लाडानं मांडीवर निजवून शिरा भरवला. घास श्वासनळीत अडकला. तिला काय ठावं? मी कुनाला सांगितलंच न्हाई, ताई."

मुजफ्फरने मला माळ्यावर टाकले. वर्षभर माझ्यावर धूळ साचली.

मग एके दिवशी रजियानेच मला उतरवले. कैनातला सावरणारा माझा पट्टा धुताना तिचे हात थांबले, पुन्हा चालू लागले. टेम्पोत घालून तिने मला शेजारच्या गावी, रेश्माच्या घरी नेले. तिचा लहानगा ओमही तसाच, मान न धरणारा.

रेश्मा त्याला घेऊन पुढे झाली. रजियाने विचारले, "घरात अजून कोन हाय?"

"सासूबाई. मालक रानात गेलेत."

"दोघांनाबी बोलवा. तवर मी चमचा हातात घ्यायची न्हाई."

सासू साळूबाई कुरकुरल्या, "मला म्हातारीला कशाला?"

"तुमालाच आधी, मावशी. लाड तुमीच करनार."

मालक रानातून आल्यावर रजियाने ओमला माझ्यावर ताठ बसवून तिघांना रीत दाखवली, आणि साळूबाईंनी पहिला चमचा दिला. रजियाची नजर ओमच्या गळ्यावर खिळली होती. घास खाली उतरला, तेव्हा तिने ओढणी तोंडावर घेतली.

मित्रांनो, लेकराला भरवायची माया घरातल्या सगळ्यांकडे असते. रीत मात्र सांगावी लागते. ती सांगा, आल्या पाहुण्यालासुद्धा.