दोन हातांची साखर

करंजाड्याच्या मैदानातल्या मंडपात त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. मोठ्या पडद्यावर रक्तातल्या साखरेचे आकडे झळकत होते. आधी ३८०, नंतर ११२. आधी ३४५, नंतर १०५. प्रत्येक आकड्याला टाळ्या पडत होत्या. मधुहर महाराज डोळे मिटून बसलेले आणि त्यांचा निवेदक माइकवर सुटलेला.

"साखर रक्तात नसते माउली, कर्मात असते. महाराजांनी फुंकर घातलेल्या जलात हात बुडवा, पेशीपेशीतला दोष विरघळतो. हे आम्ही नाही, मशीन सांगतंय."

मशीन सांगतंय म्हटल्यावर खांदा कॉलनीतले शिकलेले लोकही रांगेत आले होते.

रांगेत डॉ. निशाही होती, दमयंतीबाईंना धरून. दमयंतीबाई उरणची मासळी पनवेलच्या बाजारात विकायच्या. निशाचा दवाखाना होता तेव्हा त्यांच्या मधुमेहावर तीच उपचार करायची. पण दिवसभर रोगी तपासून कोणाला खरंच गुण येतो आणि कोणाला नाही, हे शोधायला तिला सवडच मिळेना. शेवटी दवाखाना बंद करून ती वैद्यकीय संशोधनात गेली, संख्याशास्त्र शिकली. आता ती हजारो रुग्णांच्या तपासण्यांचं विश्लेषण करायची. तिची आई मात्र अजून म्हणायची, "एवढी डॉक्टर झालीस आणि कॉम्प्युटरसमोर बसतेस."

त्याच सकाळी बाजारात तिला दमयंतीबाईंचा सुजलेला, चिंधीत गुंडाळलेला पाय दिसला होता.

"इन्सुलिन घेताय ना?"

"नाय. म्हाराजांनी साखर काढली माजी. मशिनीवर उतरलेली दिसली. मंग सुई कशाला?"

"मला का नाही विचारलंत?"

"तुमी दवाखाना बंद केलात. आमी इचारायचा कोनाला?"

हॉस्पिटलला चला म्हणून निशाने विनवलं, पण बाई आधी महाराजांकडेच जायचं म्हणून हटून बसल्या. नाइलाजाने ती सोबत आली.

पडद्याकडे बघून तिचं डोकं तापत होतं. इतकी साखर पाच मिनिटांत उतरतच नाही. म्हणजे घोळ पहिल्याच आकड्यात होता. संशोधनात आकड्याआधी विचारतात तो प्रश्न तिने स्वतःला विचारला: मोजलं कसं?

मग तिला दिसलं. तपासणीआधी प्रत्येकाच्या उजव्या तळव्यावर मध आणि केळ्याचा प्रसाद. हात न धुता त्याच हाताच्या बोटाला सुई. मग जलात हात चांगला चोळायचा, पुसायचा आणि पुन्हा तपासणी.

तिची पाळी आली. प्रसाद फक्त उजव्या हातात घेऊन तिने बोट पुढे केलं. २९४.

"मला मधुमेह नाही," ती म्हणाली. "आता डावा हात तपासा."

सेवेकरी निवेदकाकडे बघू लागला. निशाने मशीन ओढून घेतलं, नवी पट्टी लावली आणि डाव्या बोटाला सुई टोचली. ९६.

"बघा. एकाच बाईच्या दोन हातांत दोन रक्तं आहेत का?" तिने बाटलीतल्या साध्या पाण्याने उजवा हात धुतला, पुसला, पुन्हा तपासला. ९८. "बोटाला लागलेला मध रक्ताच्या थेंबात मिसळतो. मशीन त्या मधाची साखर मोजतं. हात धुतला की संपलं."

निवेदक सावरून म्हणाला, "ताईंच्या उजव्या अंगात दोष होता. जल नुसतं जवळ होतं तरी गेला."

लोक हसले, पण निवेदकाला नाही, तिला. एक गृहस्थ म्हणाले, "मॅडम, तुम्ही प्रॅक्टिस तरी करता का? माझी साखर इथे उतरली. पडद्यावर आहे."

"त्यानंतर महिन्याने मोजलीत? त्या पडद्यावर महिन्यानंतरचा एक तरी आकडा आहे?"

गृहस्थांनी मान फिरवली. काही जण निघून गेले. बाकीची रांग जराशी हलली आणि पुढे सरकली. निशाला रडू येईल इतका संताप आला.

दमयंतीबाई मात्र सेवेकऱ्याला म्हणाल्या, "माजा हात धुऊन मोज."

मशीनवर आकडा उमटलाच नाही. साखर त्याच्या मोजण्यापलीकडे गेली होती.

"ताई, श्रद्धा कमी पडली," सेवेकरी म्हणाला.

"श्रद्धा हाय म्हनून तं सुई टाकली मी," दमयंतीबाई म्हणाल्या आणि निशाचा हात धरून वळल्या.

हॉस्पिटलात पाय वाचला, पण त्याची दोन बोटं गेली. वॉर्डात शुद्धीवर आल्यावर त्यांनी विचारलं, "ज्यांच्या आकड्याला टाळ्या पडल्या त्या मानसांचा पुढं काय झाला?"

"ते कोणी पाहिलंच नाही, बाई. आता मी शोधणार आहे."

आकडा दिसला म्हणून मान डोलवू नका. तो कोणी मोजला, कसा मोजला आणि पुढे काय झालं, ते विचारा. औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. आणि डॉक्टर काही सांगतील, तर त्यांनाही कारण विचारा.